घरी कोण काय करते? आपल्या दोन तालुक्यांच्या कामाचा हिशेब
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात आर्थिक क्षेत्रे आणि मनुष्यबळ असा विषय काढला, की मागच्या रांगेतली मंडळी हळूच चहाकडे वळतात, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही आज तोच विषय घेतला, कारण हा हिशेब आपल्या घरातला आहे. घरात कोण काय काम करते आणि सरकारी कागदावर त्या कामाची काय नोंद होते, या दोन गोष्टींत आपल्याकडे मोठे अंतर आहे. २०२७ ची जनगणना तोंडावर आहे. पांढुर्णा जिल्हा २०२३ साली झाला, म्हणजे जिल्हा म्हणून आपली ही पहिलीच मोजणी. २०११ चे जे आकडे आज वापरतात ते छिंदवाडा जिल्ह्याचे आहेत. त्यात परासियाच्या कोळसा खाणी आहेत, तामियाचा डोंगर आहे आणि त्यातच कुठेतरी आपली कपाशी आणि संत्रीही आहेत. आपले स्वतंत्र चित्र आता प्रथमच निघणार आहे. ते नीट निघावे, एवढ्यासाठी हे बोलणे.

अर्थशास्त्राची पुस्तके कामाचे तीन भाग करतात. जमीन, जंगल, पाणी यांतून थेट काही मिळवायचे ते प्राथमिक क्षेत्र. मिळालेल्या मालाचे दुसरे काही बनवायचे ते द्वितीयक. आणि वाहतूक, व्यापार, बँक, शाळा, दवाखाना, कचेरी हे सारे तृतीयक, म्हणजे सेवा क्षेत्र. ॲलन फिशर आणि कॉलिन क्लार्क या अर्थतज्ज्ञांनी १९३५ ते १९४० च्या सुमारास ही मांडणी रूढ केली. आपल्याला ती समजायला एक संत्रे पुरे. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधला, चार-पाच वर्षे झाड सांभाळले, पाणी तोडून ताण दिला, आंब्या बहार धरला आणि फळ उतरवले, तिथवर प्राथमिक क्षेत्र. त्याचा रस काढून बाटलीत भरला की द्वितीयक. क्रेट ट्रकमध्ये चढले, दलालाने बोली लावली, व्यापाऱ्याने बँकेतून पैसे वळते केले, हे सगळे तृतीयक. फळ एकच, पण तीन क्षेत्रांतून फिरून आले. आणि प्रत्येक पायरीवर त्याची किंमत वाढली. मात्र वाढलेल्या किमतीचा मोठा वाटा झाडाखाली राहिला की रस्त्यावर गेला, हे इथे बसलेल्या बागाईतदारांना आम्ही सांगायला नको.

आता देशाचा आकडा पाहू. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये भारतातल्या दर शंभर काम करणाऱ्यांपैकी ४६ जण शेती आणि तिच्या जोडधंद्यांत होते. कारखानदारीत जेमतेम ११ ते १२. बाकीचे बांधकाम, दुकानदारी, वाहतूक आणि इतर सेवांत. दुसऱ्या बाजूला, देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा सुमारे १८ टक्के. शंभर कामकऱ्यांचे एक गाव समजा आणि त्या गावाची कमाई शंभर रुपये समजा. शेतातल्या ४६ जणांना मिळून १८ रुपये आणि उरलेल्या ५४ जणांना ८२. म्हणजे शेताबाहेरच्या माणसाची सरासरी कमाई शेतातल्या माणसाच्या जवळजवळ चौपट. हा सरासरीचा हिशेब आहे. बाहेरच्या ५४ जणांत विटा वाहणाराही आहे आणि बँकेचा व्यवस्थापकही. तरी एवढ्या एका आकड्यावरून कळते की आपली मुले शेत सोडून का जातात. त्यांना शेतीचा कंटाळा आला म्हणून ती गेली, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय आहे.

हे दुखणे आजचे नाही. १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे फार झाले म्हणून शेती बुडते, असे तेव्हाचे तज्ज्ञ म्हणत आणि तुकडे एकत्र करा असा उपाय सुचवीत. बाबासाहेबांनी मूळ कारणाकडे बोट दाखवले. जमिनीवर पोट भरणारी माणसे गरजेपेक्षा जास्त आहेत, त्यांच्या हाताला पुरेसे काम नाही आणि शेतीत भांडवल नाही. म्हणून शेती सुधारायची तर उद्योग वाढवा आणि जमिनीवरचा भार हलका करा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९५४ मध्ये आर्थर लुईस यांनी जवळपास हाच विचार सिद्धान्ताच्या रूपात मांडला आणि १९७९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. दक्षिण कोरियात १९६० च्या दशकाच्या आरंभी साठ टक्क्यांहून अधिक लोक शेतीत होते, आज पाच-सहा टक्के आहेत. तिथली माणसे शेतातून कारखान्यात गेली आणि कारखान्यातून सेवांत.

आपल्याकडे ही वाट मधेच तुटली. माणूस शेतातून निघाला, पण कारखान्याच्या दारात फार थोड्यांना जागा मिळाली. बहुतेक जण बांधकामावर गेले, ऑटो चालवू लागले, कुणी पहारेकरी झाले. आणि अडचण आली की परत शेतात आले. २०१८-१९ मध्ये शेतीतला वाटा ४२.५ टक्क्यांवर उतरला होता. टाळेबंदीनंतर २०२०-२१ मध्ये तो ४६.५ झाला आणि २०२३-२४ पर्यंत त्याच्याच आसपास घोटाळत राहिला. शहराने हात सोडला तेव्हा गावाने आसरा दिला, असे आपण अभिमानाने म्हणतो. पण चार एकरांवर चौघे राबत होते तिथे सहा राबू लागले, तर पीक दीडपट होत नाही. भाकरीचे तुकडे मात्र सहा होतात. यालाच प्रच्छन्न बेरोजगारी म्हणतात: कामावर दिसतो, पण त्याच्या असण्या-नसण्याने पिकात फरक पडत नाही.

आता आपल्या भागाकडे येऊ. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रांतातले आपण लोक. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. कागदावर राजधानी भोपाळ झाली, पण बाजार, दवाखाना, कॉलेज आणि सोयरीक नागपूरकडेच राहिली. कामाचेही तेच झाले. सौंसर तालुक्यात बोरगावला औद्योगिक क्षेत्र झाले, १९९१ पासून रेमंडचा कापड कारखाना तिथे आहे. मँगेनीज तर इतके जुने, की भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत इथल्या खडकांच्या समूहाला सौंसरचेच नाव आहे. दोन्ही गावांत कापसाच्या मंड्या आहेत, जिनिंग आहेत. पांढुर्ण्यावरून दिल्ली-चेन्नईचा लोहमार्ग जातो. सौंसरची नॅरोगेज जाऊन ब्रॉडगेज आली. इतके सारे असूनही आपले बहुतेक लोक अजून मातीवरच जगतात. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशातले शंभरातले सत्तर कामकरी शेतकरी किंवा शेतमजूर होते.

आणि यात एक बदल झाला, त्याकडे लक्ष द्यायला हवे. २००१ मध्ये देशात शेतकरी पावणेतेरा कोटी होते आणि शेतमजूर पावणेअकरा कोटी. २०११ मध्ये शेतकरी पावणेबारा कोटींच्या थोडे वर राहिले आणि शेतमजूर साडेचौदा कोटींच्या जवळ गेले. पारडे फिरले. आपल्याकडे पूर्वी पाडव्याला सालदाराचे साल ठरायचे. आता सालदार मिळत नाही. ज्याच्याकडे दोन एकर आहेत तो स्वतःच्या शेतात पेरणी उरकून दुसऱ्याच्या शेतात रोजाने जातो, आणि ज्याच्याकडे पंधरा एकर आहेत तो नोकरीच्या गावाहून फोनवर डवरणीची चौकशी करतो. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी घरांची जमीन ठेक्याने किंवा बटईने दिलेली आहे. मूळ पुरुष शेतकरी, मुलगा मास्तर किंवा रेल्वेत, नातू पुण्यात संगणकावर. तीन पिढ्यांत तिन्ही क्षेत्रे ओलांडणारी घरे आपलीच. त्याच काळात त्या जमिनीवर राबणाऱ्या घराची तिसरी पिढीही निंदणालाच जाते आहे, हेही आपल्याला दिसते.

या सगळ्याची नोंद कशी होते? जनगणना कामकऱ्यांचे चार रकाने करते: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. स्वतःच्या किंवा ठेक्याच्या जमिनीत जो पिकाचा धोका पत्करतो तो शेतकरी. दुसऱ्याच्या जमिनीत मजुरीवर राबतो, नफ्यातोट्याशी ज्याचा संबंध नाही, तो शेतमजूर. ‘इतर’ हा रकाना तर आपल्या गणपतीच्या मिरवणुकीसारखा. त्यात डॉक्टर आहे, मंडीतला हमाल आहे, गुरुजी आहेत, ट्रकचा क्लीनर आहे. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केले तर ‘मुख्य’ कामकरी, त्याहून कमी असेल तर ‘सीमांत’.

हे रकाने माणसांनी आखलेले आहेत आणि ते बदलतात. आपल्या संत्र्याचेच पाहा. १९९१ पर्यंत फळबागेचे काम ‘पशुपालन, वने, मासेमारी, बागा’ अशा एका वेगळ्याच गटात मोडत असे. २००१ पासून फळबागवाला ‘शेतकरी’ झाला. झाड तेच, माणूस तोच, पण रकाना दुसरा. जिनिंगचेही तसेच. आत शिरावे तर यंत्रांचा खडखडाट, रुईचा धुरळा, गाठी बांधणारे प्रेस. कुणीही म्हणेल हा कारखाना. पण २००८ च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात जिनिंग शेतीच्या सहायक कामांत बसवले आहे. खाणीचे काम काही तक्त्यांत प्राथमिक क्षेत्रात असते, तर काही तक्त्यांत उद्योगात. म्हणून कुणी आपल्याला टक्केवारी सांगितली, की आधी विचारावे: रकाना कुणी आखला आणि उत्तर कुणी दिले?

या दुसऱ्या प्रश्नाशी आमच्या आजच्या बोलण्याचे मूळ आहे. प्रगणक दाराशी येतो. ओसरीवर घरधनी बसलेला असतो. सर्वांची नावे सांगून होतात. मग प्रश्न येतो, बाई काय करते? उत्तर आपल्या सर्वांना तोंडपाठ आहे: “ते काई नाई करत जी, घरीच रायते.”

काई नाई करत! पहाटे गोठा झाडते, शेण काढते, दूध काढते, भाकऱ्या टाकून पाटी डोक्यावर घेते. आषाढ-श्रावणात निंदण, दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी, मग तुरीची सोंगणी, हरभऱ्याची भाजी खुडणे, संत्र्याच्या हंगामात छाटणीला बसणे. शिवाय घरचे शेत असेल तर त्या कामाची मजुरीही नाही. दुसऱ्याच्या शेतात तिने हेच काम केले तर ती शेतमजूर ठरते. स्वतःच्या शेतात केले तर ती काहीच नाही! कागदावरचा हा न्याय आपल्याच तोंडून झालेला असतो.

हे फक्त आमचे म्हणणे नाही. १९६१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर स्त्रियांपैकी २८ कामकरी नोंदल्या गेल्या. १९७१ मध्ये हे प्रमाण एकदम निम्म्यावर आले. दहा वर्षांत देशातल्या निम्म्या बायकांनी शेतात जाणे बंद केले होते काय? तसे काही घडले नव्हते. १९६१ मध्ये हंगामात रोज थोडा वेळ केलेले नियमित कामही धरले होते. १९७१ मध्ये ‘मुख्य काम कोणते’ असे विचारले गेले आणि घरोघरी उत्तर आले, घरकाम. प्रश्न बदलला आणि कोट्यवधी बायका कागदावरून नाहीशा झाल्या. ही चूक पुढे लक्षात आली. १९९१ मध्ये शेतावरचे आणि घरच्या धंद्यातले बिनमजुरीचे कामही धरावे, असे प्रश्नातच घातले गेले. २००१ पासून घरच्या वापरापुरते दूध काढणेही कामात मोजतात. म्हणजे नियम आता बाईच्या बाजूने आहे. अडतो तो ओसरीवर.

आणि आज हे जास्त महत्त्वाचे झाले आहे. २०२३-२४ च्या सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या काम करणाऱ्या पुरुषांपैकी निम्मे शेतीत होते. काम करणाऱ्या स्त्रियांपैकी मात्र चारातल्या तीन. पुरुष बुटीबोरीला, हिंगण्याला, बोरगावला, नाहीतर नागपूरच्या बांधकामावर गेला. बाई मागे राहिली आणि शेत तिच्या अंगावर पडले. बियाणे कोणते, फवारणी कधी, मजूर किती, हे ती ठरवते. पण खसऱ्यावर नाव नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे. नागपूरचे पाहुणे सातबारा म्हणतात, आपण खसरा म्हणतो. दोन्हीकडे बाईची जागा रिकामीच. खसऱ्यावर नाव नाही म्हणून बँकेत पीककर्ज नाही. नवरा गेला तर त्याच शेतावरचा हक्क सिद्ध करायला तिला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. निदान जनगणनेत ती ‘शेतकरी’ म्हणून लागली, तर या जिल्ह्यात शेती करणाऱ्या बायका किती, हे छापील आकड्यात येईल. त्या आकड्याच्या जोरावर पाळणाघर मागता येईल, बाईच्या हाताला बेतलेली अवजारे मागता येतील, शेतीचे प्रशिक्षण दुपारी आणि गावातच ठेवा असे सांगता येईल. आकड्यात नसलेल्या माणसासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही.

कुणी म्हणेल, यात मराठी मंडळाचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या भागात कामाची आणि भाषेची वाटणी एकाच रेषेवर झालेली आहे. कचेरीत हिंदी, शाळेत बहुतांश हिंदी, कारखान्याच्या फाटकावर हिंदी. मराठी टिकली ती वखर, डवरा, निंदण, बहार, सरकी, पऱ्हाटी या शब्दांत. म्हणजे शेतात, गोठ्यात आणि चुलीपाशी. ज्या बायांना आपण ‘घरीच रायते’ म्हणतो त्यांनीच ती सांभाळली. माणूस एका क्षेत्रातून दुसऱ्यात गेला, की इथे त्याची कामाची भाषाही बदलते. म्हणून जनगणना आली की आपले ज्येष्ठ घरोघर आवर्जून सांगतात, मातृभाषेच्या रकान्यात मराठी लिहून घ्या बरे! ती काळजी योग्यच आहे. तीच काळजी आता आपण कामाच्या रकान्याचीही घेऊ.

त्यासाठी मंडळापुढे तीन साध्या गोष्टी ठेवतो. पहिली, पुढच्या हळदीकुंकवाला आणि भजनी मंडळांच्या बैठकीत जनगणनेचे हे चार रकाने आणि सहा महिन्यांचा नियम समजावून सांगावा. आपल्याकडे निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत, त्यातल्या अनेकांनी स्वतः प्रगणकाचे काम केलेले आहे. त्यांच्याहून चांगले कोण सांगणार? दुसरी, प्रगणक येईल तेव्हा बाईच्या कामाचे उत्तर बाईने द्यावे. घरधन्याने त्या वेळी पाणी आणायला आत जावे! तिसरी, ज्यांची जमीन ठेक्याने किंवा बटईने दिलेली आहे त्यांनी, कसणारे घर स्वतःला शेतकरी म्हणून नोंदवू लागले तर मनात शंका आणू नये. जनगणनेच्या नोंदीने कुणाची मालकी जात नाही. ती माहिती गोपनीय असते आणि पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही. आपल्या धाकाने कुणी खोटे उत्तर देऊ नये, एवढे तरी आपण जमीनवाल्यांनी पाहावे.

देशातल्या किती माणसांनी शेत सोडावे आणि किती जणांनी कारखान्यात जावे, हे पांढुर्ण्याच्या मांडवात ठरणार नाही. संत्र्याच्या रसाचा कारखाना उद्या इथे निघावा, आपल्या पोरांना बुटीबोरीऐवजी बोरगावातच काम मिळावे, ही मागणी आपण करत राहू. पण मागणीला वजन यायचे तर आधी आपण किती आहोत आणि काय करतो, हे खरे सांगावे लागते. मोजणी सरकार करते. उत्तर आपण देतो. ते उत्तर देताना सांगा: माझी आई शेतकरी आहे, माझी बायको शेतकरी आहे, आमच्या शेतात येणारी बाई शेतमजूर आहे. यात खोटे काहीच नाही, नवे तर त्याहून नाही.



गणपती बाप्पा मोरया!